वेदीच्या कापडावरचा डाग

९ सप्टेंबर, सोमवार

आज सकाळीही मी नेहमीप्रमाणे आधी दोन पातेल्यांत पाणी भरून ठेवलं. एकात कोमट, एकात गार. रविवारच्या मिस्सात, चर्चमधल्या उपासनेत, वापरलेले रुमाल कोमट पाण्यात बुडवले आणि ते भिजेपर्यंत दारासमोर झाडलं, चहा टाकला, कालचा पाव तव्यावर गरम केला. मग रुमालांचं पहिलं पाणी मोरीत न ओतता मागे नेलं आणि झाडाच्या मुळाशी ओतलं. मिस्सात पेल्यातला द्राक्षारस प्रभूचं रक्त होतो; पेला पुसलेल्या कापडात प्रभूच्या रक्ताचा एखादा थेंब राहिलेला असू शकतो, म्हणून पहिलं पाणी गटाराला द्यायचं नाही, मातीला द्यायचं. साबण त्यानंतर. चौदा वर्षं मी चर्चची ही कापडं धुते आहे, आणि चौदा वर्षांत एकदाही हा क्रम चुकला नाही.

वन्सं, तीन वर्षांनी तुम्हाला पत्र लिहायचं तर सुरुवात कुठून करावी ते कळेना. म्हटलं, धुण्यापासून करावी. तुम्ही आमच्याकडे राहायला यायचात तेव्हा इस्त्री तुम्ही करायचात आणि घड्या मी घालायचे. घड्यांवरून आपलं कधी वाजलं नाही. बाकी कशाकशावरून वाजलं ते इथे लिहीत नाही.

आज सहा रुमाल होते आणि सहाही रुमालांवर लाल डाग होते, नखाएवढे मोठे. पेल्याखाली अंथरायच्या चौकोनी कापडावर तर ओघळच होता. पूर्वी असा डाग महिन्यातून एखादा यायचा.

हे सांगायचं कारण, आमच्या फादरांविषयी इथे बोललं जातंय. ते पितात म्हणे. पायरीला अडखळतात, प्रवचनात शब्द तोंडातल्या तोंडात राहतात, कोणाकडे बघून हसत नाहीत. सगळ्याचा अर्थ लोकांनी एकच लावलाय. कोणी सुरू केलं ठाऊक नाही. असलं बोलणं कुठून निघतं ते कोणाला सापडलंय?

हे फादर तुम्हाला आठवत असतील. तुमच्या भावाच्या शेवटच्या वर्षात ते दर शुक्रवारी घरी यायचे. यांना दम लागायचा, दुकान बंद करून दीड वर्ष झालं होतं, आणि घड्याळजी माणसाला रिकामे हात म्हणजे शिक्षाच. फादर येताना कोणाचं तरी बंद पडलेलं घड्याळ घेऊन यायचे. "बघा हो, जमलं तर." हे उशीला टेकून भिंग डोळ्याला लावायचे आणि तासभर आजार विसरायचे. पुढे पुढे इतकी घड्याळं बंद कशी पडतात याचं मला नवल वाटायला लागलं. एकदा फादर गेल्यावर हे मला म्हणाले, "चांगला माणूस आहे, पण घड्याळ बिघडवता येत नाही त्याला. दर वेळी तोच स्क्रू ढिला करतो." आणि हसता हसता खोकले. त्यांनी फादरांना कधी कळू दिलं नाही आणि फादर तोच स्क्रू ढिला करत राहिले.

अशा माणसाविषयी ऐकून घ्यायला जड जातं, एवढंच कळवायचं होतं.

तुमची,
वहिनी

२० सप्टेंबर, शुक्रवार

वन्सं,

तुमचं उत्तर आलं नाही. येईल अशी आशाही नव्हती, म्हणून वाईट वाटून घेत नाही. लिहिते मात्र आहे. घरात दुसऱ्या कोणाला सांगणार? इस्त्रीला?

प्रकरण कागदावर गेलंय. मंगळवारी मोठ्या बाई माझ्याकडे आल्या. मोठ्या बाई म्हणजे आमच्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी त्या समोर आल्या की मी पाय जुळवून उभी राहते. सोबत शिंपीण होती. तिची माझी मैत्री जुनी. तिच्या हाताला टाका आणि तोंडाला विनोद कधी कमी पडत नाही.

मोठ्या बाईंनी पिशवीतून कागद काढला. बिशपांना अर्ज. एकतीस सह्या झाल्या होत्या. मुद्दे पाच. एक, फादर चालताना अडखळतात. दोन, बोलणं अस्पष्ट झालंय. तीन, लोकांशी तुटक वागतात, चेहऱ्यावर ओळख दाखवत नाहीत. चार, चर्चच्या नोंदवहीतलं त्यांचं अक्षर वाचता येत नाही इतकं बारीक आणि वेडंवाकडं झालंय. आणि पाच, "वेदीच्या वस्त्रांवर रोज मद्याचे डाग असतात, अशी वस्त्रं धुणाऱ्या बाईंची साक्ष आहे."

"वाचलंस ना? काही चुकीचं असेल तर आत्ताच सांग," मोठ्या बाई म्हणाल्या.

मी म्हटलं, "चष्मा घरात कुठेतरी राहिलाय."

"अगं, घरातच तर उभी आहेस," शिंपीण म्हणाली.

चष्मा माझ्या खिशात होता. अर्ज मी त्यांच्या हातात असतानाच उलटा वाचला होता. शाळा माझी चौथीत सुटली, पण घड्याळाच्या सुट्या भागांना गुंडाळून येणारे वर्तमानपत्रांचे तुकडे वाचून वाचून मी वाचायला शिकले. दुकानात काउंटरच्या पलीकडून वाचायचे, त्यामुळे उलटं अक्षर मला सुलट्याइतकंच येतं. तुमचा भाऊ थट्टा करायचा, हिला सरळ पुस्तक दिलं तर अडखळेल म्हणून.

मी सही केली नाही. पण पाचवा मुद्दा खोडा असंही म्हटलं नाही.

आता कबूल करते. मागच्या पत्रात लिहिलं की कोणी सुरू केलं ठाऊक नाही. ठाऊक आहे. डागांचं मीच बोलले होते. शनिवारी वेदीमागच्या खोलीत आम्ही फुलं लावायला जमतो. शिंपीण म्हणाली, "काय गं, धुणं वाढलेलं दिसतंय तुझं?" मी म्हटलं, "फादरांना विचार. हल्ली अर्धा पेला कापडालाच पाजतात."

धुण्याची तक्रार होती ती, वन्सं. आणखी काही नाही. सगळ्या हसल्या, मीही हसले, आणि आम्ही फुलांचे देठ कापायला लागलो.

तुमची,
वहिनी

३० सप्टेंबर, सोमवार

वन्सं,

हे पत्र लांबणार आहे. चहा करून बसा.

गुरुवारी सकाळी इस्त्रीची कापडं द्यायला मी फादरांच्या घरी गेले. त्यांची स्वयंपाकीण बाजारात गेली होती. स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं. आत फादर टेबलाशी उभे होते. टेबलावर जाड टॉवेल अंथरलेला, त्यावर पाण्याने भरलेला स्टीलचा पेला. त्यांनी कोपर बरगडीला घट्ट लावलं, पेला दोन्ही हातांत धरला आणि हळूहळू डोळ्यांच्या वर नेला. मिस्सात नेतात तसा, तितकाच वर. हात थरथरत होते. पाणी मनगटावरून बाहीत गेलं. पेला खाली ठेवला, बाही पिळली, पेल्यात पुन्हा तेवढंच पाणी घातलं, पुन्हा उचलला.

मी तिथून निघून जायला हवं होतं. पण बघत उभी राहिले.

"किती वेळ उभ्या आहात, ताई?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"चार वेळा सांडलं, तेवढा वेळ." माझी जीभ तुम्हाला माहीतच आहे.

ते हसले. म्हणजे हसले असावेत. चेहरा जागचा हलला नाही, फक्त डोळे हसले. "मग आज बरं आहे. काल सात वेळा सांडलं होतं."

त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. खुर्ची ओढतानाही त्यांचा पाय फरशीला चिकटल्यासारखा झाला. "पार्किन्सन," ते म्हणाले. "दीड वर्ष झालं. डॉक्टर म्हणाले होते, आधी हात, मग अक्षर, मग पाय, मग आवाज. सगळे अगदी वेळेवर आले. मिस्साला इतकं वेळेवर कोणी येत नाही."

"लोक काय बोलतात ते कानावर आहे ना तुमच्या?"

"स्वयंपाकीण सांगते. मीठमसाला लावून."

"मग सांगून का टाकत नाही?"

त्यांनी ओली बाही पुन्हा पिळली. मग म्हणाले, "सांगितलं की बिशप मला विश्रांतीला पाठवणार. मला अजून वर्षभर पेला उचलायचाय, ताई. तेवढा एक लोभ सुटत नाही. आणि आता तर एकतीस जणांनी सह्या केल्यात. मी उभा राहून आजार सांगितला तर त्या सगळ्यांना माना खाली घालाव्या लागतील. त्यांच्या पोरांना मी बाप्तिस्मा दिलाय, त्यांच्या आईबापांना माती दिलीय. बदली करायची तर करू देत. तुम्ही कोणाला बोलू नका."

मला ते पूर्ण पटलं नाही, वन्सं. त्यांच्यात भीती होती, आणि भीतीवर त्यांनी दयेचं पांघरूण घातलं होतं. पण दयाही खोटी नव्हती. स्वतःवर चिखल उडालेला असताना उडवणाऱ्यांची लाज वाचवायची, हे मला सात जन्मांत जमणार नाही.

"कोणाला बोलू नका" म्हणाले होते आणि मी तुम्हाला लिहिते आहे, हाही दोष माझाच. तुम्ही माझ्याशी बोलत नाही, मग माझ्याविषयी दुसऱ्याशी काय बोलाल, असा विचार करून लिहिलं.

तिथून मी थेट वाचनालयात गेले. घरगुती वैद्यकाचं एक जाडजूड पुस्तक आहे तिथे, ते उभ्यानेच उघडलं आणि बोट ठेवून वाचलं. पाऊल अडखळतं. आवाज बारीक होतो. चेहऱ्याचे स्नायू ताठ होतात, म्हणून माणूस तुटक वाटतो. अक्षर आक्रसत जातं. मोठ्या बाईंच्या अर्जातले पहिले चार मुद्दे त्या पानावर एकाखाली एक होते. पाचवा तेवढा नव्हता. पाचवा मी घातलेला.

आता जे दोन पत्रांत लपवलं ते लिहिते.

"अर्धा पेला कापडालाच पाजतात" असं मी म्हटलं आणि सगळ्या हसल्या, इथवर खरं. पुढे शिंपीण म्हणाली, "अर्धा कापडाला, आणि उरलेला अर्धा?" तिने डोळा मिचकावला. तेव्हा मी "चल, काहीतरीच बोलू नकोस" म्हणायला हवं होतं. तेवढंच म्हटलं असतं तरी ते तिथेच संपलं असतं. मी काय म्हटलं माहीत आहे? म्हटलं, "ते मला काय विचारतेस? मी फक्त धुणारी." आणि भुवया उडवल्या.

पुन्हा हशा पिकला. खरं सांगू? बरं वाटलं. नवरा गेलेल्या बाईशी लोक हळू आवाजात बोलतात. तीन वर्षांत माझ्या बोलण्यावर कोणी खळखळून हसलं नव्हतं. त्या हशासाठी मी त्यांना फादर देऊन टाकले. आमच्या घरात शुक्रवार-शुक्रवार बसलेला माणूस.

आणि वन्सं, ही काही माझी पहिली वेळ नाही. तुमच्या भावाला माती देऊन सगळे घरी परतले तेव्हा मी स्वयंपाकघरात म्हणाले होते, "बहिणीला वेळ मिळाला, पण भाऊ संपल्यावर." तुम्ही दारात उभ्या होतात. तुम्हाला रस्त्यात काय झालं होतं, तुमची तब्येत कशी होती, मी विचारलं नव्हतं. आजतागायत विचारलेलं नाही. तेव्हाही आजूबाजूच्या बायकांनी माना डोलावल्या होत्या आणि मला बरं वाटलं होतं. तुम्ही पिशवी उचललीत आणि पाणीही न पिता गेलात.

माझं चुकलं. हे दोन शब्द लिहायला तीन वर्षं लागली. त्यांतही दोन पत्रं धुण्यावर गेली.

तुमची,
वहिनी

८ ऑक्टोबर, मंगळवार

वन्सं,

काल तुमचं कार्ड आलं. एकच ओळ: "पत्रं मिळाली. पुढे काय झालं ते लवकर लिही." खाली सही नाही. सहीची गरजही नव्हती. हुकूम सोडण्याची ती पद्धत मी कुठेही ओळखेन. कार्ड शेल्फावर उभं करून ठेवलंय.

पुढचं लिहिते. येत्या रविवारी बिशपांनी पाठवलेले एक वयस्कर फादर चौकशीला येणार आहेत. मिस्सानंतर शाळेच्या सभागृहात सगळ्यांसमोर अर्ज वाचणार, लोकांचं ऐकणार. मोठ्या बाईंनी मला निरोप धाडला की पाचव्या मुद्द्यावर मला उभं राहावं लागेल.

मी त्यांच्या घरी गेले. म्हटलं, तो मुद्दा काढा. कारण सांगता येत नव्हतं, म्हणून एवढंच म्हटलं की मी डाग पाहिले, दारू पाहिली नाही.

मोठ्या बाईंनी दार लावून घेतलं. मला वाटलं, ओरडणार. तर त्या हळू आवाजात म्हणाल्या, "माझा भाऊ प्यायचा. घरात सगळ्यांना माहीत होतं. आई म्हणायची, चार लोकांत बोलू नका, घराची अब्रू जाईल. अब्रू राहिली आणि भाऊ गेला. छत्तीस वर्षांचा होता. तेव्हा मी ठरवलं, पुन्हा असं दिसलं तर मी गप्प बसणार नाही."

इतके दिवस मी मनात त्यांना नावं ठेवत होते. खडूस, सत्ता गेली तरी छडी सुटत नाही, असं काय काय. त्या बाई एका मेलेल्या भावाला वाचवायला निघाल्या होत्या. त्यांचा हेतू माझ्या विनोदापेक्षा शंभर पटींनी चांगला होता. बोलायला त्या घाबरल्या नाहीत आणि जिथे बोलायचं तिथेच, बिशपांकडेच, बोलल्या. फादरांचं काही चुकत असेल तर ते झाकावं असं मीही म्हणणार नाही. चूक एकच झाली. आम्हा इतक्या जणांपैकी एकानेही आधी त्यांच्या दारात जाऊन विचारलं नाही, फादर, तुम्हाला बरं नाही का?

"बाई, तुम्ही त्यांना विचारलंत का?" मी म्हटलं.

"काय विचारायचं? पिणारा कधी हो म्हणतो?"

"ते खरं. पण न पिणाराही नाहीच म्हणतो. म्हणून विचारायचंच नाही?"

त्यांनी लावलेलं दार उघडलं. मग म्हणाल्या, "तुझ्याकडे वस्त्रं धुवायला कोणी दिली गं? वर्गात असतीस तर वादविवादाला पाठवली असती." पण मुद्दा काढला नाही.

फादरांनाही भेटले. म्हटलं, तुमचा आजार मी सांगणार नाही, शब्द दिलाय. पण माझं पाप माझं आहे, ते मी कुठेही सांगू शकते. पापनिवेदनात जाळीआडून तुम्हाला सांगून झालं. तिथे तुम्ही मला माफ केलंत, तीन प्रार्थना दिल्यात. पण शनिवारी खोलीत बोललेलं त्या जाळीआड सांगून कसं पुसेल?

"ताई, लोक तुम्हाला नावं ठेवतील," ते म्हणाले.

"ठेवू देत. इतके दिवस तुम्हाला ठेवतातच आहेत, थोडी वाटून घेऊ."

मला भीती वाटते आहे. खोटं कशाला सांगू. हे गेल्यानंतर मला उठायला कारण राहिलं ते या कापडांचं. सोमवारी धुणं, मंगळवारी इस्त्री, शनिवारी फुलं आणि त्या बायका. रविवारनंतर यातलं काय माझ्याकडे राहील, सांगता येत नाही. शिंपीण माझ्याशी बोलणार नाही हे नक्की, कारण तिच्याशिवाय ही गोष्ट सांगताच येत नाही. मी ठरवलंय, तिचं वाक्य गाळायचं. माझीच दोन वाक्यं सांगायची. तेवढी पुरेशी आहेत.

तुमची,
वहिनी

१५ ऑक्टोबर, मंगळवार

वन्सं,

तुम्ही लवकर लिही म्हणाला होतात, म्हणून दोन दिवसांतच बसले आहे.

सभागृहात साठेक माणसं होती. पुढे टेबल, त्यावर पाण्याचा काचेचा जग, त्याला पत्र्याचं झाकण. टेबलामागे बिशपांचे फादर, आणि कडेला आमचे फादर, हात झग्याच्या खिशात घालून. अर्ज वाचला गेला. पहिल्या चार मुद्द्यांना लोक "हो, हो" म्हणाले. पाचवा वाचून त्या वयस्कर फादरांनी चष्मा काढला. "वस्त्रं धुणाऱ्या बाई कोण?"

मी उभी राहिले. रात्री शब्द न् शब्द जुळवून ठेवला होता, तो सगळा गेला. मी म्हटलं, "मी. डाग मी पाहिले, ते खरं आहे. पण मी साक्ष दिलेली नाही. मी विनोद केला होता. म्हटलं होतं, फादर अर्धा पेला कापडाला पाजतात. पुढे उरलेल्या अर्ध्याचा विषय निघाला, तेव्हा 'मला काय विचारता' म्हणून मी भुवया उडवल्या. मला माहीत काहीच नव्हतं. फादरांना प्यालेलं मी कधी पाहिलेलं नाही. माझा नवरा मरत होता तेव्हा हे वर्षभर दर शुक्रवारी आमच्याकडे येऊन बसले, आणि मी लोकांना हसवायला यांचं नाव वापरलं. हे सगळं माझ्या तोंडातून निघालंय. माझं चुकलं."

मागून कोणीतरी म्हणालं, "आता बरं आठवतंय हिला." दुसरं कोणी, "पढवून आणलंय."

"उरलेल्या अर्ध्याचं मी बोलले होते." शिंपीण उभी होती. चेहरा लालबुंद. "ही माझं नाव गाळतेय. मोठी आली संत. बोलले मी, गंमत म्हणून बोलले, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात चार जणींना सांगितलंही." एवढं बोलून ती धपकन बसली. आमच्या मैत्रीतलं तिचं सगळ्यात चांगलं बोलणं तेच.

बिशपांच्या फादरांनी सगळ्यांकडे पाहिलं. "यांना दारू पिताना कोणी पाहिलंय? प्रत्यक्ष?"

कोणी बोलेना.

"मग बाई, ते डाग कशामुळे पडतात?"

"ते मला विचारू नका, फादर. जे ठाऊक नव्हतं ते मी बोलून बसले. आता जे ठाऊक आहे ते बोलायचा अधिकार मला नाही."

कुजबुज वाढली. मला वाटलं, मी सगळं आणखी बिघडवलं. तेवढ्यात आमचे फादर उठले. दोन पावलं चालले, अडखळले, टेबलाशी आले. खिशातून उजवा हात काढला आणि टेबलावर जगाशेजारी ठेवला.

जगाचं झाकण वाजायला लागलं.

शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जात होतं ते. बारीक, न थांबणारं. फादरांनी हात तिथेच राहू दिला. मग त्यांच्या त्या बारीक झालेल्या आवाजात म्हणाले, "आजार आहे. दीड वर्ष झालं. मी बिशपांना कळवायला हवं होतं, तुम्हालाही. मला भीती वाटली. तुम्ही जे पाहिलंत त्याचा अर्थ लावायला दुसरं काही मी दिलंच नाही, म्हणून तुमच्यावर माझा राग नाही. पण या बाईंनी तिथे एकटं उभं राहावं आणि मी हात खिशात ठेवावा, हे जमणार नाही."

झाकण वाजतच होतं. मोठ्या बाई पहिल्या रांगेत होत्या. त्या उठल्या, टेबलाशी गेल्या आणि त्यांनी तो जग दुसऱ्या टोकाला सरकवला. मग अर्ज उचलला, घडी घालून स्वतःच्या पिशवीत टाकला, आणि फादरांना म्हणाल्या, "मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"मीही सांगायला हवं होतं, बाई."

सगळं गोड झालं असं समजू नका. काहीजण न बोलताच बाहेर पडले. एकजण म्हणाला, आजार असला म्हणून पीत नसतील कशावरून. बिशपांचा निर्णय अजून आलेला नाही. फादरांना ठेवतील, मदतीला कोणी तरुण धर्मगुरू देतील, की विश्रांतीला पाठवतील, कोणी सांगू शकत नाही. पण जातील तेव्हा आजारी माणूस म्हणून जातील, दारुडा म्हणून नाही. मला तेवढंच हवं होतं.

निघताना त्यांनी मला थांबवलं. "ताई, मला खूप दिवसांपासून एक विचारायचं होतं. घड्याळांचं तुमच्या मिस्टरांना कळलं होतं का हो?"

मी म्हटलं, "पहिल्याच शुक्रवारी."

या वेळी त्यांचा चेहराही थोडा हलला. डॉक्टर काही म्हणोत, मी पाहिलं.

संध्याकाळी पाव आणायला बेकरीत गेले. बेकरीवाला आपल्या धर्माचा नाही, चर्चमध्ये त्याचं काही काम नाही. पाव कागदात बांधता बांधता त्याने विचारलं, "काय हो, तुमचे ते पिणारे फादर गेले की आहेत अजून?"

सभागृहात साठ माणसं होती, वन्सं. माझं बोलणं त्याहून पुष्कळ लांब गेलं होतं. बेकरीवाल्याला मी तिथेच सगळं सांगितलं, आणि हे तुला कोणाकडून कळलं तेही विचारलं. त्याने दोन नावं सांगितली. त्या दोघांकडून आणखी नावं मिळणार होती.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, सोमवार, धुण्याचा वार होता. सकाळी साडेसातला मी घराला कुलूप लावलं आणि त्या नावांच्या मागे निघाले. प्रत्येक दारात तेच बोलले, जे सभागृहात बोलले होते. पाऊण वाजता शिंपीण कोपऱ्यावर भेटली, आणि माझ्यासोबत चालायला लागली. संध्याकाळपर्यंत आमची चौदा घरं झाली.

तुमची,
वहिनी